फरक आठ

टिट्-टिट्-टिट् असा बारीक आवाज झाला आणि खोलीतली सगळी माणसं दचकली. सगळी म्हणजे तिघीच. थर्मामीटर वाजला होता. ताप कुणालाच नव्हता. सात वर्षांच्या भिंगरीने तो आधी बाहुलीच्या काखेत लावला, मग उशीखाली, मग स्वतःला, आणि आता तो आजीच्या काखेत होता. आजी खिडकीकडे तोंड करून बसली होती. नातीने हात उचलला तर तिने उचलू दिला, खाली दाबला तर दाबू दिला.

"सदतीस पॉइंट एक," भिंगरीने वाचलं. "फरक दोन. वजा. छत्तीस पॉइंट नऊ. आजी, तू पास."

थर्मामीटरच्या डबीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर बारीक, सरळ अक्षरात : फरक −०.२. चिठ्ठी भिंगरीच्या आईच्या हातची. लोक थर्मामीटर विकत आणतात आणि वापरायला लागतात. हिने तो आधी आपल्या प्रयोगशाळेत नेला, तीन तऱ्हांच्या कोमट पाण्यात बुडवला, पॉइंट दोनने जास्त दाखवतो हा त्याचा गुन्हा पकडला आणि मगच घरात घेतला. तिचा धाकटा भाऊ तेव्हा म्हणाला होता, "ताई, पोरीला ताप आला तर आधी औषध देशील की आधी फरक काढशील?"

आई काय काम करते हे सांगायला भिंगरीने शाळेत एक सोपं वाक्य केलं होतं : माझी आई खोटं बोलणारी मीटरं पकडते. वाक्य काही चुकीचं नव्हतं. हवामानाच्या अभ्यासासाठी एक जुनं, दोन इंजिनांचं विमान होतं. वयामुळे म्हणा, वाऱ्यावर तरंगत उतरायच्या तऱ्हेमुळे म्हणा, सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारी मुद्दाम ढगांत शिरायची आणि तिच्या नाकावर, पंखांखाली लावलेली उपकरणं तिथली थंडी, ओल, दाब मोजायची. उपकरणं माणसांसारखीच, एखादं सदा फुगवून सांगणारं, एखादं हातचं राखून. फुगवून सांगतं म्हणून कुणी ते टाकून देत नाही. किती फुगवतं ते एकदा नीट शोधायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा. शोधणारी ती. गार स्पिरिटच्या कुंडात प्रमाण थर्मामीटरशेजारी हे नवं पोर बुडवायचं, अर्धा तास दोघांना निवू द्यायचं, मग दोघांचे आकडे शेजारी मांडायचे. पॉइंट एकसाठीही ती कुणाशीही भांडायची, म्हणून प्रयोगशाळेत तिचं नाव दशांशबाई पडलं होतं.

आणि तिच्या चिठ्ठ्या घेऊन म्हातारीत बसायचा तो हाच धाकटा भाऊ. लहानपणी गच्चीवर उताणा पडून ढगांना नावं द्यायचा म्हणून ढग्या. भिंगरीचा ढगमामा. त्याला लग्न कर म्हटलं की म्हणायचा, "एक म्हातारी सांभाळतोय ती बास आहे."

अकरा दिवसांपूर्वी म्हातारी समुद्रावरच्या ढगात गेली ती गेलीच. चौघं होती आत. नवव्या दिवशी एका होडीला खुर्चीची गादी सापडली, आणखी काही नाही. आज बारा वाजता फोन आला की शोध थांबवला आहे. फोनवरचा माणूस थांबवला म्हणाला, संपवला म्हणाला नाही. तेवढीच त्याची माणुसकी.

घर आजीचं, ढग्या आणि आजी इथे राहायची, आणि त्याच इमारतीत दोन मजले वर दशांशबाई, तिची भिंगरी आणि वर्षातले आठ महिने जहाजावर असणारा भिंगरीचा बाबा. भिंगरी झाल्यापासून आजीची पोटची पोरंसुद्धा तिला आजीच म्हणायची. अकरा दिवस मायलेकी खालीच झोपत होत्या, ढग्याच्या खोलीचं दार लोटून घेऊन.

आजी रडली नव्हती. पहिल्या दिवशी ऑफिसची दोन माणसं घरी आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता : "तिथे थंडी किती होती?" त्यातला रेडिओवरचा माणूस म्हणाला, "काकू, त्याचाच शेवटचा निरोप आहे आमच्याकडे. एक पॉइंट एक, शून्याच्या वर. ढगात राहतोय, असं म्हणाला. मग काही नाही." आजीने त्यातलं तेवढंच घेतलं. शेजारीण भेटायला आली की सांगायची, "शून्याच्या वर होतं. गोठत नव्हतं हो तिथे. थंडी नाही वाजली त्याला." दुसऱ्याच्या लेकराचा शेवटचा शब्द आई असतो, देव असतो. हिच्या वाट्याला एक आकडा आला होता आणि ती तो मुठीत धरून बसली होती.

"आजी, उठ, चहाची वेळ झाली," भिंगरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "चार वाजून दोन. फरक आठ. म्हणजे चार दहा."

ते घड्याळ आजोबांचं. तीस वर्षं बरोबर आठ मिनिटं मागे. आजोबांना कुणी म्हटलं की अहो, ते सरळ करून घ्या, तर ते म्हणायचे, "सरळ घड्याळावर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. याच्याकडे बघून डोकं तरी चालतं." त्यामुळे या घरात कुणी वेळ विचारली की काट्यांवरची वेळ सांगायची आणि पुढे म्हणायचं, फरक आठ. शाळेची बस, परीक्षा, आजोबांना दवाखान्यात न्यायची वेळ, सगळं फरक आठ.

भिंगरी थर्मामीटर डबीत घालता घालता थांबली. एकदा डबीवरची चिठ्ठी बघितली, एकदा घड्याळ.

"आई, घड्याळाचा फरक मिळवायचा आणि थर्मामीटरचा वजा करायचा. असं का गं?"

ती भिंगरीचे मोजे जोडत बसली होती. एक मोजा हातात राहिला.

"कारण चिठ्ठीवर उणे लिहिलंय," ती म्हणाली. "ती आडवी रेघ आहे ना, ती."

"आणि घड्याळावर चिठ्ठीच नाही. मग कसं कळतं?"

"माहीत असतं आपल्याला."

"ज्याला माहीत नसेल त्याला?"

मोजा तिने दुसऱ्याच कुठल्यातरी मोज्यात गुंडाळला आणि उठून मोरीत गेली. नळ सोडला. पाणी पडत राहिलं आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

म्हातारी गेली त्या सकाळची गोष्ट. म्हातारीच्या नाकावरचं तापमानाचं उपकरण, बोटभर लांबीची नळी, ऐनवेळी बिघडलं होतं, म्हणून तिने राखीव ठेवलेलं दुसरं तपासून दिलं. हे दुसरं पॉइंट आठने जास्त दाखवायचं. तिने चिठ्ठी लिहिली. तेवढ्यात शाळेतून फोन : भिंगरीला ताप आहे, घेऊन जा. तिने ॲप्रन खुंटीला टाकला आणि धावली. घरी आणून पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होती तर ढग्याचा फोन. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून ती बोलली होती.

"ताई, तुझी चिठ्ठी कुठे उलथली? नळी आली, चिठ्ठी नाही."

"अरे देवा. राहिली असेल तिथेच. बघ ना टेबलावर."

"टेबल तिकडे प्रयोगशाळेत आहे, मी इथे पट्टा बांधून बसलोय, आणि म्हातारीने इंजिनं चालू केलीत. तोंडी सांग. फरक आठ ना?"

"आठ. आठच. नीट धर."

"तू आणि तुझे दशांश. पोर कशी आहे?"

"तापलीय. आणि हे बघ, स्वेटर घाल. आजीने चार वेळा विचारलंय."

"सांग तिला, ढगांत काय ऊब असते म्हणून. ठेवतो."

फरक आठ ना? आठ. अधिक नाही, उणे नाही. प्रयोगशाळेत फरक या शब्दाला चिन्ह असतं. ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, म्हणून तोंडाने कुणी बोलत नाही. घरात फरकाला चिन्ह नसतं. घरात फरक आठ म्हणजे आठ मिळवायचे, बस. तो तेव्हा कुठल्या फरकाबद्दल विचारत होता? ऑफिसच्या की घरच्या? ताईशी बोलत होता की दशांशबाईशी?

"आई, पाणी वाया जातंय!" बाहेरून भिंगरी ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंगरीच्या वेण्या घातल्या. एक वेणी वर आणि एक खाली झाली तेव्हा भिंगरी आरशात बघून म्हणाली, "माझ्या डोक्याला पण चिठ्ठी लाव." तिने वेणी सोडून परत घातली. पोरीला शाळेत सोडलं आणि ती बारा दिवसांनी कामावर गेली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कुंड बंद होतं, त्याच्यावर प्लास्टिक पांघरलेलं. ज्याच्यावर उपकरणं लावायची ते विमानच नव्हतं, मग कुंड गार करायचं कुणासाठी. प्रमाण थर्मामीटर आपल्या मखमली पेटीत लोळत होता. तिचा ॲप्रन खुंटीवर तसाच, एक बाही उलटी. तिने उजव्या खिशात हात घातला. पेन, भिंगरीची एक क्लिप, आणि घडी केलेली पिवळी चिठ्ठी.

फरक −०.८. खाली तारीख. खाली तिची सही.

ती चिठ्ठी घेऊन ती मुख्य साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना मागे सगळे स्थिरांक म्हणायचे. पंचवीस वर्षांत त्यांची टोपी, चहातली साखर आणि मत यांतलं काहीच बदललं नव्हतं. ते तिला बघून उभे राहिले. आधी कधी उभे राहिले नव्हते.

"अहो, तुम्ही कशाला आलात? रजा होती ना. बसा, बसा."

ती बसली नाही. चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं : ताप, ॲप्रन, फोन, खांदा, आठ. घड्याळाचंही सांगितलं. स्थिरांक साहेबांनी चिठ्ठी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"चिठ्ठी बरोबर आहे तुमची," ते म्हणाले.

"चिठ्ठी माझ्या खिशात होती, साहेब."

"तो सहा वर्षं हेच करत होता. त्याला कळत नव्हतं का चिन्ह विचारायचं?"

"इथे सहा वर्षं करत होता. त्या घड्याळाखाली अठ्ठावीस वर्षं वाढला."

साहेबांनी एक कोरा कागद ओढला. बोलण्यापेक्षा गणित बरं, अशी त्यांची जात.

"शेवटचा निरोप एक पॉइंट एक. म्हणजे फरक धरून झालेला आकडा. बरोबर? तो कच्चा आकडा कधीच सांगायचा नाही."

"कधीच नाही. मीच शिकवलं होतं."

"बरं. त्याने आठ वजा केले असतील तर नळी एक पॉइंट नऊ दाखवत होती, आणि खरं एक पॉइंट एक. सगळं ठीक." त्यांनी लिहिलं. "आणि मिळवले असतील तर नळी पॉइंट तीन दाखवत होती, आणि खरं..." पेन थांबलं.

"उणे पॉइंट पाच," ती म्हणाली. हे तिने मोरीतच काढलं होतं.

उणे पॉइंट पाच म्हणजे काय, हे त्या खोलीत दोघांनाही कुणी समजावायची गरज नव्हती. शून्याखालच्या ढगातलं पाणी पाणीच राहतं, पण विमान आलं की त्याला धरून बर्फ होतं. पंखावर बर्फाचा थर बसला की पंख हा नुसता पत्रा. नव्या विमानांना तो झाडून टाकायची सोय असते. म्हातारीची सोय नावापुरती होती. म्हणून तिच्यासाठी नियमच होता : एकच्या खाली गेलं की ढगातून बाहेर. वैमानिकाच्या समोरचं मीटर नुसते अंश दाखवायचं, दशांश नाही, म्हणून तो मागे वळून ढग्याला विचारायचा, किती? ढग्या सांगेल त्यावर राहायचं की निघायचं ते ठरायचं. एक पॉइंट एक. ढगात राहतोय.

"बर्फाशिवाय विमानं पडत नाहीत असं नाही," साहेब म्हणाले. "त्या दिवशी वारा होता. इंजिनं जुनी होती. मी दोन वर्षं लिहितोय वरती."

"पण बर्फानेही पडतात."

"पडतात."

"मग ते शोधा ना, साहेब. त्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले असतील, कच्चा आणि पक्का."

"वही कुठे आहे?"

तिने टेबलावरची चिठ्ठी सरळ केली.

"नळी कुठे आहे? चार माणसं कुठे आहेत?" साहेबांचा आवाज चढला आणि मग त्यांचाच त्यांना चढलेला ऐकू आला. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टक्कल पडलेलं होतं हे तिला आज कळलं. "बाई, मला सांगा, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? चूक तुमची म्हणू? म्हणतो. चूक नाही म्हणू? तेही म्हणतो. दोन्ही आकडे बसतात. या कागदावर बघा, दोन्ही."

"मला लिहून द्यायचंय. चौकशी समितीला."

"द्या."

तिने तिथेच बसून लिहिलं. अर्ध्या पानाचं. चिन्ह सांगितले नाही, हे वाक्य तिने दोनदा लिहिलं, एकदा खोडलं आणि परत लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, चिठ्ठी त्याला टाचणीने टोचली आणि फाइलीत ठेवलं.

"ते वाचतील," ते म्हणाले. "मग लिहितील की निष्कर्ष काढता येत नाही. मी अशा चार समित्यांवर बसलोय."

"म्हणजे कधीच कळणार नाही."

"नाही."

ती दाराशी पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, "मी तो शब्द काढून टाकतो फॉर्मवरून. फरक. त्याच्याऐवजी सरळ छापायचं, मिळवा किंवा वजा करा." मग त्यांनीच खिडकीतून बाहेर बघितलं, जिथे म्हातारी उभी राहायची तिथे नुसते तेलाचे डाग होते. "विमान आलं की. दुसरं."

रस्त्याने येताना तिने ठरवलं की आजीला सांगायचं. समितीला सांगून झालं होतं, पण समितीचा मुलगा गेला नव्हता. जिचा गेला तिने तरी तोंडात मारावी, घराबाहेर काढावं, काहीतरी निष्कर्ष काढावा. भिंगरीला शाळेतून घेतलं. भिंगरी रस्ताभर बडबडत होती, मैत्रिणीचा दात, बाईंचा नवा चश्मा, आणि ती हूं हूं करत पहिलं वाक्य जुळवत होती. आजी, मला तुला एक सांगायचंय. नको. आजी, त्या दिवशी ढग्याचा फोन आला होता.

दार उघडलं तर आजी जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर करड्या रंगाचा स्वेटर. ढग्यासाठी विणायला घेतलेला. पाठ झालेली, पोट झालेलं, एक बाही झालेली. दुसरी बाही कोपरापर्यंत. सुया बाजूला काढून ठेवल्या होत्या. आजी तो उसवत होती.

"बरं झालं आलात. भिंगरे, दप्तर टाक आणि हात पुढे कर. गुंता होतोय नुसता."

भिंगरीने दोन्ही हात पुढे केले आणि आजी तिच्या मनगटांवर लोकर गुंडाळू लागली. उसवलेली लोकर सरळ होत नव्हती. प्रत्येक टाक्याचा बाक तिच्यात राहिला होता.

"कशाला उसवतेस?" तिने विचारलं.

"भिंगरीला होईल. पोरीला फुटभर लोकर लागते. वाया कशाला घालवायची." टर्र, टर्र अशी एक ओळ सुटली. "तू ऑफिसात गेली होतीस. काय म्हणाले?"

"काही कळणार नाही म्हणाले."

"कळायचं काय राहिलंय?"

"आजी, त्या दिवशी ढग्याचा मला फोन आला होता. निघायच्या आधी."

आजीचे हात चालूच होते. पण तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं, खूप वेळ, जसं ताप आलेल्या पोराकडे बघतात तसं. आकडे तिला कळत नव्हते. लेक कळत होती.

"माझ्यासाठी काही बोलला का?"

"म्हणाला, ढगांत ऊब असते म्हणून सांग."

"मग झालं तर."

"आजी, तेवढंच नाही. अजून—"

"तेवढंच सांग," आजी म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला. "बाकीचं असेल ते तुझ्यापाशी राहू दे. मला दोनच होती. एक समुद्राने नेला. दुसरीला मी कुणाकडे देणार नाही, कळलं? तुझ्याकडेसुद्धा नाही." तिने लोकरीचा गुंता दाताने सोडवला. "मी त्या माणसाला विचारलं, थंडी किती. तो म्हणाला शून्याच्या वर. मी अडाणी असेन, पण फ्रिज माझ्याही घरात आहे. शून्याच्या वर गोठत नाही. एवढ्यावर मी जेवते, एवढ्यावर झोपते. त्याला हात लावू नकोस."

लेक खाली बसली. भिंतीवरचं घड्याळ चार वाजायला सोळा कमी दाखवत होतं. तिने सवयीने आठ मिळवले आणि मिळवल्याबद्दल तिला स्वतःचीच भीती वाटली.

आजी उसवत होती, लोकर भिंगरीच्या एका हातावरून दुसऱ्या हातावर जात होती. भिंगरी बेड्या घातल्यासारखी बसली होती आणि एरवी हातांनी चालणारं तिचं सगळं काम आता डोक्यात चाललं होतं. कपाळाला आठी पडली होती. कालच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही हे ती विसरली नव्हती. ती कधीच विसरायची नाही, त्या बाबतीत आईवर गेली होती.

"आजी," ती म्हणाली, "ढगमामाच्या मीटरला पण चिठ्ठी असायची ना? आईच्या हातची?"

"असायची तर. सगळ्या मीटरांना तुझ्या आईची चिठ्ठी."

"म्हणजे एक पॉइंट एक हे चिठ्ठी वाचून सांगितलेलं. मीटरने वेगळंच दाखवलं असणार."

"भिंगरी, हात वर धर," तिची आई घाईने म्हणाली. "लोकर खाली लोळतेय."

भिंगरीने हात वर धरले. पण तोंड मोकळं होतं.

"फरक किती होता, आई? आठवतोय ना तुला? तुला तर सगळे आठवतात."

"आठ," ती म्हणाली. खोटं बोलणारी मीटरं पकडणाऱ्या बाईला यापेक्षा वेगळं काही सुचलं नाही.

"आपल्या घड्याळाएवढाच!" भिंगरीला त्या योगायोगाचाच आनंद झाला. मग तिचा चेहरा पुन्हा हिशेबाला लागला. "घड्याळासारखा मिळवायचा आठ, की थर्मामीटरसारखा वजा करायचा आठ? मामाने कुठला केला?"

आजीचे हात थांबले. उसवलेला धागा तिच्या बोटांपासून भिंगरीच्या मनगटापर्यंत ताणला गेला. ती लेकीकडे बघत नव्हती, नातीकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि ऐकत होती.

"आई, सांग ना," भिंगरी म्हणाली. "तिथे खरं किती होतं?"